ब्रेक ऑइल

आमची फियाट आता चालते. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९८२ चं मॉडेल. पण कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. ऑफिसात हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, किती खर्च आला? दोन, अ‍ॅव्हरेज किती देते? पहिल्याचं उत्तर इथे लिहीत नाही, कारण बायको हे पान वाचते. दुसऱ्याचं उत्तर लाजिरवाणं आहे. गाडी तेवीस वर्षं उभी का होती, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर लिहिण्यासारखं तेवढंच आहे.

बाबांनी ही गाडी १९८८ साली सेकंडहँड घेतली. तेव्हा मारुती येऊन पाच वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीत 'गाडी' म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसडर. गंमत म्हणजे बाबांना गाडी चालवता येत नव्हती. लहानपणी देवी येऊन गेल्यापासून त्यांना उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसे. चालवायची आई. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत ती ड्रायव्हिंग शिकली. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, क्लच जड, आणि पाच वारी साडी. बिंदू चौकात सिग्नलला थांबली की बाजूचे सायकलवाले वाकून आत बघायचे. ती समोर बघत राहायची, मला मात्र मागच्या सीटवर लपावंसं वाटायचं. (मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. हे स्पष्टीकरण म्हणून लिहितोय, समर्थन म्हणून नाही.)

चालवणं आईचं आणि देखभाल बाबांची, अशी वाटणी होती. दर रविवारी सकाळी आंघोळीआधी बाबा बॉनेट उघडायचे. रेडिएटरचं पाणी, बॅटरीचं पाणी, इंजिन ऑइलची डिपस्टिक, चारही चाकांची हवा. मग एका दोनशेपानी वहीत नोंद. त्या वहीत पेट्रोल, पंक्चर, फॅन बेल्ट, सगळं पैशांसकट आहे. बाबा खात्यात लेखापाल होते, त्यामुळे वहीला समासही आखलेला.

मे १९९८ मध्ये, एका रविवारी आम्ही जोतिबाला गेलो. आई, बाबा, आजी, मावशी आणि मी. माझी दहावीची परीक्षा झाली होती, त्याचा नवस. चढावर आई म्हणाली, "गाडी जड वाटतेय." बाबा म्हणाले, "पाच माणसं बसलीत, जड वाटणारच." डोंगरावर गाडी लावली तेव्हा काहीतरी करपल्यासारखा वास येत होता, पण तिथे नारळ, उदबत्त्या आणि गुलाल यांत तो कुणाच्या लक्षात राहतोय! उतरताना, केर्लीच्या अलीकडे शेवटच्या वळणावर आईने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. समोरून सायकलवर दोन्ही बाजूंना दुधाच्या घागरी लावलेला माणूस येत होता. आईने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, तरी सायकलला धडक बसलीच. त्याचा पाय मोडला. रस्ताभर दूध, आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर गुलाल. लांबून पळत आलेल्या लोकांना आधी वाटलं, सगळं रक्तच आहे.

तो माणूस वाचला, पण पुढे कायम लंगडत चालला. हॉस्पिटलचा खर्च बाबांनी केला, तडजोड झाली, दंड झाला. पण आईच्या बाबतीत निकाल त्याच दिवशी लागला होता. पोलिसांनी माणूस बोलावून गाडी तपासली. तोवर दोनेक तास गेले होते. त्याने पेडल दाबलं. कडक! गाडी थोडी पुढे घेऊन पुन्हा दाबलं. गाडी जागच्या जागी उभी. "ब्रेक ठीक आहे," तो म्हणाला. मग आई काय म्हणतेय याला अर्थच उरला नाही. "घाबरली. ब्रेकऐवजी भलतंच दाबलं असणार," असं मावशी म्हणाली. "बाईच्या हातात गाडी दिली की…" हे बाकीच्यांनी पूर्ण केलं नाही, पण करायची गरजही नव्हती. बाबा रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "होतं असं." मला आता वाटतं, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्यांच्या ड्रायव्हरने गाडी घरी आणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. आई त्यानंतर कधी स्टिअरिंगला बसली नाही. चालवणारंच कुणी नाही म्हटल्यावर गाडी तिथेच राहिली. भंगारवाले दर दोन वर्षांनी विचारून जायचे. बाबा 'बघू' म्हणायचे आणि आई काहीच म्हणायची नाही. बाबा २०१३ साली गेले. गाडी होती तिथेच.

मी ती बाहेर काढायचं ठरवलं ते २०२१ च्या दिवाळीत, आणि त्यात उदात्त काही नव्हतं. दीड वर्ष घरून काम करून मला कीबोर्ड सोडून काहीतरी हाताने करावंसं वाटत होतं. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझी गाडी आहे, तू ठरव." तिने 'तुझी' म्हटलेलं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

उद्यमनगरात बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. सत्तरीचे, गॅरेज मुलाकडे सोपवलेलं. त्यांनी शेडमध्ये येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला आणि म्हणाले, "इंजिनाचं काय न्हाय वो, लोखंड हाय ते. पण पत्रा जागा हाय, म्हंजे गाडी हाय." पुढची दोन वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचो आणि रविवारी रात्री परतायचो.

ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून स्टार्टर मारणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा. सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, जोर लावला की मोडतात. आम्ही चारही स्पार्क प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल सोडलं आणि पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही. दरम्यान चाकं सोडवली. चारही जाम होती, मिस्त्रींनी ड्रमवर लाकडी हातोडीने तासभर ठोकाठोक केली. "उभ्या गाडीचं हुतंय असं," ते म्हणाले, "ब्रेकाचं मागनं बगू." मग चौथा गिअर टाकून मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवायला घेतलं. पहिल्या दिवशी ढिम्म. दुसऱ्या खेपेला बोटभर हललं. तिसऱ्या खेपेला इंजिन आतून 'फुस्स' असं म्हणालं आणि प्लगच्या भोकांतून तांबडं डिझेल उडून माझ्या चष्म्यावर आलं. इतका आनंद मला शेवटच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

बाकी मग यादीच. उंदरांनी खाल्लेली वायरिंग. टाकीतल्या पेट्रोलचा झालेला डिंक. (ते शिसं असलेलं पेट्रोल. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं, म्हणजे आमच्या टाकीत एका संपलेल्या काळाचा नमुना होता.) टाकी उतरवून, आत सायकलची चेन टाकून खुळखुळ्यासारखी हलवली. सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला, जेट हवेने साफ केले. त्यांत तार घालायची नसते, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. पार्ट मिळतात का, असं सगळे विचारतात. मिळतात, आणि ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. कुर्ल्याचा कारखाना साल २००० च्या सुमारास थांबला, पण काळ्यापिवळ्या फियाट पुढे वीसेक वर्षं धावत राहिल्या. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. त्या धावत होत्या तोवर कुणीतरी त्यांचे पार्ट बनवत होतं, आणि भंगारात गेल्या त्यांचे जुन्या बाजारात येत होते. आमचं दाराचं एक हँडल मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, घोड्याच्या नालांच्या ढिगात सापडलं.

२०२२ च्या गणपतीनंतर इंजिन सुरू झालं. टाकी अजून बसवली नव्हती, म्हणून पेट्रोलची बाटली सलाईनसारखी बॉनेटला टांगून नळी कार्ब्युरेटरला जोडलेली. धूर इतका झाला की शेजारचे काका बादली घेऊन आले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी ओरडून म्हटलं, "आई, ऐक!" ती म्हणाली, "ऐकतेय. टप्पेटचा आवाज जास्त आहे." आणि आत गेली.

सीट धुवायला काढल्या तेव्हा शिवणीत गुलाल निघाला. तेवीस वर्षांचा, पण रंग तसाच. पाण्याबरोबर अंगणभर गेला. आईने बघितलं आणि खराटा घेऊन स्वतः अंगण धुतलं.

ब्रेक आम्ही शेवटी उघडले. आता कळतं की ते आधी उघडायला हवे होते. ड्रम खेचून काढल्यावर मिस्त्री नुसते बघत बसले. आतली लायनिंग घासून कमी होते, ते नेहमीचंच. आमची काळीकुट्ट, काचेसारखी चकचकीत होती. ड्रमच्या आत गंज खरवडल्यावर निळसर ठिगळं दिसली. लोखंड प्रचंड तापलं की ती झाक येते. "कोन चालवत हुतं ब्रेक दाबून?" मिस्त्रींनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, गाडीच जड चालत होती. हे बोललो आणि माझ्याच डोक्यात काहीतरी वाजलं.

मग मास्टर सिलिंडर. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. ब्रेक गेला तर सगळाच जातो. त्यातला रबरी कप निघता निघेना. शेवटी हवेच्या प्रेशरने उडवला. मिस्त्रींनी तो चिमटीत धरला आणि नव्या कपाशेजारी ठेवला. जुना कप लोण्यासारखा मऊ आणि नव्यापेक्षा चांगलाच मोठा. "म्हातारं रबर आखडतंय, कडक हुतंय," ते म्हणाले. "हे फुगलंय. ह्यात इंजिनाचं ऑइल पडलंय." ब्रेकच्या डब्याच्या तळाशी थोडं द्रव उरलं होतं. त्यांनी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, वर पाणी घातलं, हलवलं. काही भाग पाण्यात विरघळला. आणि वर बोटभर पिवळा थर तरंगत राहिला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आपण सगळे ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते ऑइल नसतंच. ते ग्लायकॉलपासून बनवलेलं द्रव असतं, पाण्यात मिसळणारं. आतली रबरं त्या द्रवासाठीच केलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं, पेडल सोडल्यावर दाब तिथून डब्यात परत जातो. कप फुगून त्या छिद्रावर बसला की दाब अडकतो आणि पाय काढला तरी ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. गाडी जड चालते. ड्रम तापतात, करपल्याचा वास येतो. घाटात उतरताना आणखी तापतात. बाटलीवर डॉट ३ लिहिलेलं द्रव नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी ओढून ओढून जुनं झालं की १४० च्या आसपासच उकळायला लागतं. लाइनमध्ये वाफ झाली की पेडल थेट जमिनीला. द्रव दाबाखाली दबत नाही, वाफ दबते. आणि दोन तासांनी सगळं गार झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं. पेडल कडक.

असे बग आमच्या धंद्यात रोज येतात. युजर सांगतो बंद पडलं, आपण आपल्या मशीनवर चालवून बघतो, चालतं. 'नॉट रिप्रोड्यूसिबल' लिहून बंद करतो. मीही शेकडो केले असतील.

वही माळ्यावर होती. मे १९९८ चं पान काढलं. जोतिबाच्या आधीचा रविवार, बाबांचं टपोरं अक्षर : 'पाणी ठीक. हवा ठीक. ब्रेक ऑइल कमी, भरले.' खर्चाच्या रकान्यात रेघ. मी मागची दहा वर्षं चाळली. इंजिन ऑइलचे डबे सगळे लिहिलेले, किमतीसह. ब्रेक ऑइलची बाटली एकही नाही. आधी कधी गरजच पडली नसेल, गॅरेजवाला परस्पर बघत असेल. त्या रविवारी पहिल्यांदाच पातळी खाली दिसली, शेल्फवर ऑइलचा अर्धा डबा होता, आणि ब्रेकच्या डब्यालाही सगळं जग ऑइलच म्हणत होतं. नाव चुकीचं ठेवलेलं व्हेरिएबल! अर्थात पंपावरच्या एखाद्या पोऱ्यानेही ते घातलं असू शकतं. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही. पण मला बाबांची सवय माहीत आहे. काही उरलेलं असेल तर ते वापरल्याशिवाय नवं आणायचे नाहीत.

मिस्त्री बरणी हातात घेऊन म्हणाले, "बाईंना सांगनार?"

मी दोन आठवडे सांगितलं नाही. पुण्याला परत आलो, मीटिंगा केल्या. सांगितलं तर बाबा जातात, नाही सांगितलं तर आई. बायको म्हणाली, "तू ठरवणारा कोण? तिच्या पायाखालचं पेडल होतं." ते बरोबर होतं, आणि मला ते आधी सुचलं नाही याचा रागही आला.

पुढच्या खेपेला रात्री जेवणं झाल्यावर आईसमोर बरणी, जुना कप, नवा कप आणि वही ठेवली. ती विज्ञानाची शिक्षिका, मला फार बोलावं लागलं नाही. कप दोन बोटांत दाबून बघितला. बरणी दिव्यासमोर धरली. छिद्र कुठे असतं ते विचारलं, मी आकृती काढली. उकळण्याचं सांगितल्यावर तिने मान हलवली, वर्गात एखाद्याने उत्तर बरोबर दिल्यासारखी. मग वही उघडून ते पान वाचलं. बराच वेळ वाचलं, खरं तर एकच ओळ होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पाय माझा होता ना. पेडल खाली गेलं ते मला कळलं होतं. पण सगळे एवढं म्हणायला लागल्यावर मलाच वाटायला लागलं की नसेल गेलं."

मी म्हटलं, "बाबांना माहीत नव्हतं गं."

"ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी तिला असं बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "त्यांना ऑइलचं माहीत नव्हतं. मी कशी चालवते ते माहीत होतं. दहा वर्षं शेजारी बसत होते." मग वही मिटून तिने ती स्वतःच्या कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे. मी मागितलेली नाही.

सकाळी चहा देताना तिने एकच विचारलं, तो दूधवाला कुठे असतो. मिस्त्रींनी चौकशी केली. तो २०१७ मध्येच गेला होता. मुलगा डेअरीत कामाला आहे. आई त्याला भेटून आली, एकटी, रिक्षाने. काय बोलली ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मास्टर सिलिंडर उद्यमनगरात बोअर करून आत स्लीव्ह घातली. सगळे कप नवे, लाइन नव्या, ड्रम खरादले. राहिलं ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एक चाकाशी बसून निपल सोडतो-आवळतो, दुसरा सीटवर बसून पेडल मारतो. मी डब्यातली पातळी बघत उभा होतो, मिस्त्रींचा मुलगा आला नव्हता. मिस्त्री मागच्या डाव्या चाकाशी आडवे झाले होते, कारण सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून करायची असते. तिथूनच ओरडले, "बाई, जरा येताय का? पाय पायजे एक."

आई पदराला हात पुसत आली. दार उघडलं, क्षणभर उभी राहिली, मग बसली. चप्पल काढून बाहेर ठेवली. ती पूर्वीही अनवाणीच चालवायची, हे मी विसरलो होतो.

"दाबा. धरून ठेवा." निपल सुटलं, पारदर्शक नळीतून बुडबुडे आले. "सोडा. परत दाबा." मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पाऊण तास चाललं होतं. बुडबुडे बंद झाले, नळीतून नुसतं स्वच्छ द्रव यायला लागलं. मिस्त्री अंगावरची माती झटकत उठले आणि म्हणाले, "झालं बाई, उतरा."

आई उतरली नाही. तिने पेडल दाबलं, पूर्ण जोर लावून, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट धरून ठेवलं. खाली गेलं नाही. सोडलं. पुन्हा दाबलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि विडी ओढायला बाहेर गेले. मी डब्याचं झाकण लावलं. आतून ती म्हणाली, "दहा मिनिटं थांब. गार झाल्यावर नाही, तापल्यावर बघायला हवं. किल्ली कुठे आहे?"